दातानं ऐकणारे मिस्त्री

मारोतराव मिस्त्रींचा एकही शर्ट अखंड नव्हता. शर्ट पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा, बाह्या कोपरापर्यंत नीट दुमडलेल्या, आणि पोटावर जागोजागी बारीक भोकं. बॅटरीतलं तेजाब कपड्यावर उडतं तेव्हा काही दिसत नाही. कपडा धुवायला पडला की मग त्याची जाळी होते. दुसऱ्या कुणी खाकी नाहीतर निळा शर्ट घातला असता. मारोतरावकाकांना पांढराच लागायचा. "डाक्टर कोनता घालते?" ते विचारायचे. "मंग?" यावर त्यांच्या बायकोचं, वत्सलाकाकूंचं, म्हणणं एवढंच होतं, "मी या मानसाचे कपडे धूत नाई बाप्पा, गाळते."

आदिलाबादजवळच्या इचोड्याला हमरस्त्याच्या कडेला आमचं स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि त्याला लागून काकांची टिनाची शेड. शेडवर पाटी होती, 'येथे बॅटरी बरी होते'. खाली तेच हिंदीत आणि तेलुगूत. पाटी रंगवणाऱ्यानं तेलुगूत काय लिहिलं होतं ते काकांना कधीच वाचता आलं नाही, पण तेलुगू ड्रायव्हर पाटी वाचून हसत आत यायचे, म्हणून त्यांनी ती बदलली नाही. "हासत आलेलं गिऱ्हाईक भांडत नाई," हा त्यांचा हिशोब.

मोटरसायकलच्या आणि कारच्या बॅटऱ्या ते घ्यायचे, पण नाइलाजानं, पाहुण्याच्या पोराला मांडीवर घ्यावं तसं. त्यांचा जीव होता तो म्हाताऱ्या यंत्रांवर. मंचेरियलकडच्या कोळशाच्या खाणींतून वय झालेले डोझर आणि लोडर लिलावात निघतात, ते आमच्याकडच्या कंत्राटदारांच्या हाती पडतात आणि पुढं कितीतरी वर्षं गिट्टी ढकलत, तळी खोदत जगतात. अशा यंत्राचं इंजिन एकवेळ दणकट असतं, पण त्याची वीज म्हणजे जुन्या घरातली वायरिंग. ज्याच्या हाती आलं त्यानं जोडलं, तोडलं, गुंडाळलं. सकाळी चावी फिरवावी आणि यंत्रानं नुसतं बघत राहावं, असं झालं की लोक काकांकडे यायचे.

मी आदिलाबादला इंग्रजी माध्यमात शिकले. शाळेत इंग्रजी, घरी मराठी, बाजारात हिंदी आणि तेलुगू, अशा चार भाषा येत असूनही मी कुठल्याच भाषेत फारसं बोलत नसे. पदवी झाल्यावर नोकरीच्या परीक्षा देत होते आणि दुपारी बाबा जेवायला गेले की काउंटरवर बसत होते. काका मला 'मुकी म्याडम' म्हणायचे. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मला राग आला होता. पण त्यांच्यासमोर कुणालाच फार बोलता यायचं नाही. त्यांचा आवाज ट्रकच्या हॉर्नशी बरोबरी करणारा. प्रश्न तेच विचारायचे, उत्तरही तेच द्यायचे, आणि समोरच्यानं तोंड उघडलं की "बरोब्बर!" म्हणून पुढे जायचे. आमच्या दुकानातून टाचणी मागवायची असली तरी हमरस्त्याच्या पलीकडच्या ढाब्यावरचा माणूस वळून बघायचा.

बढाया मारणं हा त्यांचा दुसरा धंदा होता. खाणीत एकदा त्यांनी म्हणे डोझर नुसत्या शिव्या देऊन सुरू केला. महाराष्ट्रातून एक मंत्री त्यांना बॅटरी दाखवायला आला होता. कोणता मंत्री ते दर वेळी बदलायचं. आणि स्वतःची चूक कबूल करणं त्यांच्या जन्मपत्रिकेतच नव्हतं. एकदा त्यांनी चार्जरच्या तारा उलट जोडल्या आणि धूर निघाला, तेव्हा शांतपणे म्हणाले, "पाह्यलं? याच्यात ताकद होती."

पण बॅटरीबद्दल ते खोटं बोलत नसत. "बॅटरी मरत नाई, मारते लोकं," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की बाबांनी नव्या बॅटरीचा खोका खाली उतरवला की ते मला आपोआप आठवतं. बाबांचं आणि त्यांचं भांडण त्यावरच चालायचं. गिऱ्हाईक आमच्याकडे नवी बॅटरी घ्यायला आलं की काका शेडमधून ओरडायचे, "आधी जुनी दाखव! जित्त्या मानसाचं तेरावं करून राह्यला का?" बाबा कपाळाला हात लावायचे. संध्याकाळी दोघं एकाच बाकावर बसून चहा प्यायचे.

त्यांचं दुसरं वाक्य होतं, "आधी जमिनीले इचार, मंग आभाळाले." याचा अर्थ मला कळला तो एका दसऱ्यानंतर. गुडीहत्नूरच्या एका कंत्राटदारानं आयुधपूजेसाठी आपला रस्ता सपाट करायचा जुना ग्रेडर रंगवून घेतला होता. नुसता वरवर नाही. माणूस भाविक. त्यानं प्रत्येक पट्टी, प्रत्येक बोल्ट खोलून खालून-वरून पिवळा रंग मारला आणि मग सगळं परत जोडलं. हळदीकुंकू झालं, नारळ फुटला, लिंबू चाकाखाली ठेवलं, चावी फिरवली, आणि ग्रेडर लिंबावर जाईना. दोन मिस्त्री येऊन गेले. नव्या बॅटऱ्या बसल्या. कंत्राटदाराच्या आईनं दृष्ट काढली.

काका गेले, आले, आणि शेडमध्ये खुर्चीवर बसून इतके हसले की खुर्ची मागे सरकत गेली. बॅटरीची एक तार सेल्फकडे जाते, म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणाऱ्या मोटरकडे, आणि दुसरी यंत्राच्या लोखंडी अंगाला जोडलेली असते. वीज त्या अंगातून परत येते. कंत्राटदारानं ती जोडणीसुद्धा खोलून, खालचं लोखंड छान रंगवून, वर पट्टी बसवली होती. रंगातून वीज जात नाही. काकांनी खिशातून पॉलिश कागद काढला, रुपयाएवढी जागा घासून लोखंड उघडं केलं, झालं.

"मी त्याले म्हनलं, भौ, देवाले फूल वाहा, पन त्याच्या नाकात घालू नको."

तशीच ती दोन भावांची गोष्ट. मोठ्या यंत्रात दोन बॅटऱ्या एकामागून एक जोडलेल्या असतात. इचोड्याच्या रस्त्याच्या कामावरच्या लोडरची एक बॅटरी सारखी उतरायची, आणि दुसरीतलं पाणी आटून जायचं. मालक म्हणायचा बॅटऱ्याच खराब. काकांनी दोन्हींची झाकणं उघडून माझ्यासमोर ठेवली. "पाह्य म्याडम. हा भाऊ उपाशी मेला अन् हा अजीर्णानं. एकाच घरात! म्हनजे मधात कोनीतरी ताट पळवून राह्यलं." मग ते लोडरच्या कॅबिनमध्ये चढले आणि ऑपरेटरच्या सीटमागून एक बारीक तार ओढून काढली. ऑपरेटरनं फक्त एका बॅटरीवरून तार घेऊन गाण्यांचा डबा लावला होता. डबा रोज एकाच भावाचं खायचा. चार्जिंग मात्र दोघांना सारखं वाढायचं. उपाशी होता त्याला ते पुरायचं नाही, आणि भरल्या पोटाच्याला जबरदस्तीनं खावं लागायचं.

ऑपरेटर हात जोडून म्हणाला, "मिस्त्री, गानं बंद झालं तं मी झोपतो ना गाडीवर."

"मंग दोघायच्या ताटातलं घे ना बे," म्हणत काकांनी त्याला गाण्यांसाठी वेगळा जोड करून दिला, आणि स्वतःच्या पसंतीचं एक जुनं गाणं त्याच्याकडून वाजवून घेतलं.

आता मूळ गोष्टीकडे येते.

चावी फिरवल्यावर जुनं यंत्र तीन प्रकारे उत्तर देतं, हे मला काउंटरवर बसून बसून कळलं होतं. काहीच आवाज आला नाही तर वीज सेल्फपर्यंत पोचतच नाही. चावीचा स्विच नाहीतर मधली तार बघायची. एकच जोरदार 'टक' आला, तर हुकूम पोचला पण सेल्फ हललं नाही. म्हणजे सेल्फ बघायचं. आणि 'टकटकटकटक' असं दात वाजल्यासारखं झालं, तर जोर कमी पडतोय. बॅटरी बघायची, आणि तिच्यापासूनची वाट. काका हे तिन्ही आवाज रस्त्याच्या पलीकडून ओळखायचे. चहा पिता पिता सांगायचे, "टकटक करून राह्यली, चार्जिंगले आनून टाक." यंत्र बोलतं आणि ते ऐकतात, यावर त्यांचं सगळं नाव उभं होतं.

एका दुपारी त्यांच्या शेडसमोर एक बंद पडलेला रोड रोलर ओढून आणला. ऑपरेटरनं चावी फिरवली. काउंटरवरून मला स्वच्छ 'टक' ऐकू आला. काका रोलरच्या शेजारी उभे होते. डोकं तिरकं करून त्यांनी ऐकल्यासारखं केलं आणि जाहीर केलं, "आवाजच नाई. चावीचा स्विच गेला."

त्यांनी स्विच खोलला. मग तारा खोलल्या. संध्याकाळपर्यंत रोलरच्या पोटातली सगळी आतडी बाहेर आली. मधूनमधून ऑपरेटर चावी फिरवायचा, 'टक' व्हायचं, आणि काका म्हणायचे, "पाह्य, काईच नाई." ऑपरेटरला वाटत होतं, मिस्त्री म्हणतात म्हणजे हा 'टक' हिशोबात धरायचा नसतो. एवढ्या मोठ्या माणसाला कोण सांगणार?

मला तर ते शक्यच नव्हतं. पण बघवेना. कधी नव्हे तो चिडका, थकलेला चेहरा झाला होता त्यांचा. शर्टाची बाही सुटली होती आणि ती दुमडायचं त्यांना भान नव्हतं. मी चहा घेऊन गेले. ऑपरेटरची पाठ होती. मी ग्लास काकांच्या हातात दिला, सेल्फकडे बघितलं, आणि एक बोट वर केलं.

त्यांनी माझ्या बोटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग चहा एका घोटात संपवून सेल्फ खोलायला घेतलं. आतली तांब्याची टोकं जळून काळी पडली होती. ती घासल्यावर रोलर सुरू झाला. ऑपरेटरला ते म्हणाले, "स्विच खोलला म्हनून सेल्फची भानगड समजली."

दुसऱ्या दिवशी बाबा जेवायला गेल्यावर ते काउंटरवर आले, इकडंतिकडं बघितलं, पुढं वाकले आणि कुजबुजले. त्यांची कुजबुज म्हणजे आमच्या घरातलं भांडण. "कोनाले सांग्जो नको." सुदैवानं त्याच वेळी रस्त्यावर दोन ट्रक एकमेकांना हॉर्न देत होते.

मी मान हलवली.

"दीड-दोन वर्सं झाले. आधी डावा गेला. मले वाटलं, जाऊ दे, उजवा हाय." ते जरा थांबले. थांबलेले काका मी पहिल्यांदाच बघत होते. "पोरगी हैदराबादले हाय. तिले समजलं तं उद्याच येते अन् घेऊन जाते. चवथ्या माळ्यावर फ्लॅट हाय तिचा. तिथं मी काय चार्ज करू? लिफ्ट? अन् इकडं लोकं काय म्हनतीन? बहिरा मिस्त्री! बहिऱ्या मिस्त्रीकडं कोनी यंत्र आनते का वं?"

मग त्यांनीच खुणा ठरवल्या. मूठ म्हणजे काहीच आवाज नाही. एक बोट म्हणजे एकच टक. पाची बोटं उघडझाप म्हणजे टकटकटक. आणि यंत्र सुरू झालं तर हवेत हात गोल फिरवायचा. "सुरू झालेलं मले समजते ना, जमीन हालते," ते म्हणाले. "पन खून असू दे. चांगल्या गोष्टीची बी खून पाह्यजे."

अशी मी, जिला वर्गात हजेरी देताना घाम फुटायचा, इचोड्याच्या हमरस्त्यावर बोटांनी बोलायला लागले. काउंटरच्या आडून, हिशोबाच्या वहीमागून. ते वळून बघायचे, मी बोट दाखवायचे, ते गरजायचे, "एकच टक हाय! सेल्फ खोल!" त्यांचं नाव पुन्हा पहिल्यासारखं गाजू लागलं.

मी नसले की ते स्क्रूड्रायव्हर वापरायचे. जुने मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला लावून मूठ कानाला टेकवतात, आतला आवाज ऐकायला. काकांनी ती मूठ एक दिवस दातांत धरली. आणि त्यांना ऐकू आलं! कानानं येत नव्हतं ते हाडातून आलं. त्या दिवशी त्यांनी वत्सलाकाकूंसाठी जिलेबी नेली आणि कारण सांगितलं नाही, त्यामुळं घरी वेगळाच संशय आला.

पांढऱ्या शर्टातला एक माणूस डोळे मिटून, दातांत स्क्रूड्रायव्हर धरून डोझरला चिकटलेला आहे, हे दृश्य बघायला लोक थांबायचे. कुणी विचारलंच तर काका म्हणायचे, "कानात वारा शिरते. दातात शिरत नाई. हे खाणीतलं तंत्र हाय." झालं. महिन्याभरात इचोड्यातले बाकीचे वायरिंगवालेही स्क्रूड्रायव्हर चावायला लागले. त्यातला श्रीनू सगळ्यात निष्ठावान. हा गुडीहत्नूरच्या रस्त्यावरचा तरुण इलेक्ट्रिशियन, बोलायला गोड, हातात कायम नवं मीटर. काकांना तो तेलुगू रीतीनं आदरानं 'मिस्त्रीगारू' म्हणायचा आणि त्यांचं सगळं उचलायचा. त्याच्या पुढच्या दाताचा टवका उडाला तरी त्यानं तंत्र सोडलं नाही. "ऐकू येते ना?" काकांनी त्याला एकदा विचारलं. "खूप काही ऐकू येतं, मिस्त्रीगारू," तो भक्तिभावानं मान डोलावत म्हणाला. काका माझ्याकडे बघून खोकले.

हे सगळं कापसाच्या हंगामापर्यंत सुखानं चाललं. मग जिनिंग मिलमधला लोडर बंद पडला.

गावाबाहेरच्या त्या मिलमध्ये कापसाचे डोंगर ढकलायला एकच जुना लोडर होता. गेटबाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, आत लोडर रोज सकाळी अडून बसायचा. श्रीनूनं येऊन बॅटऱ्या बदलल्या. चार दिवस धकलं, पुन्हा तेच. मिलच्या शेठनं सांगितलं, आज सुरू झाला नाही तर भंगारवाल्याला फोन करतो आणि भाड्यानं नवा आणतो. काका आदल्या दिवशीच मिलमध्ये चारचौघांत बोलून बसले होते, "मारोत मिस्त्रीनं हात लावलेलं यंत्र भंगारात गेलं, तं मी शेडले कुलूप घालीन!" असं बोलायची काही गरज नव्हती. पण त्यांना गरजेपुरतं बोलता यायचंच नाही.

सकाळी ते आमच्या दुकानात आले. "जाड केबल दे अन् तू बी चाल," म्हणाले. बाबांना सांगितलं, पोरीला बिल करायला न्यायचंय. मी स्कूटीवर केबलचं वेटोळं घेऊन त्यांच्या मागून गेले.

त्या लोडरचं सेल्फ इंजिन आणि सांगाड्याच्या मधल्या अशा सांदीत होतं की तिथं हात पोचत नव्हता, स्क्रूड्रायव्हर तर दूरच. वर मिलची घरघर. ऑपरेटर यादगिरी कॅबिनमध्ये चढला. काका मागच्या बाजूला बॅटऱ्यांच्या पेटीजवळ वाकले. मी इंजिनाच्या अंगाला उभी राहिले, जिथून मला ऐकू येईल आणि काकांना मी दिसेन. भोवती मिलमधली माणसं, गेटवरून आलेले शेतकरी, श्रीनू, आणि शेठचा पुतण्या. हा नागपूरहून हंगामापुरता आलेला, पायात पांढरे बूट.

"मार सेल्फ!"

टकटकटकटक. मी पाच बोटं उघडझाप केली.

काकांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी बॅटऱ्या तपासल्या. दोन्ही भरलेल्या. टोकं स्वच्छ. "पुन्हा मार!"

पुन्हा टकटकटक. पुन्हा माझी पाच बोटं. आता वही नव्हती, काउंटर नव्हतं. हात जरा जास्तच वर गेला असावा.

"अरे वाह," शेठचा पुतण्या मोठ्यानं म्हणाला, "ये मॅडम मिस्त्री को क्या इशारे कर रही है? हमको भी सिखाओ!"

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. गेटवरचे लोक टाचा उंचावून माझ्याकडे बघायला लागले. माझा हात तिथंच हवेत राहिला, खाली घ्यायचं सुचेना. खाली मान घालून मी केबलकडे बघत होते आणि मनात एवढंच होतं की आता स्कूटीपर्यंत कशी पोचू.

काकांना शब्द ऐकू आले नसणार. पण त्यांना माझा चेहरा दिसला, आणि हसणाऱ्यांचे दात दिसले. ते सरळ उभे राहिले. शर्टाला हात पुसले, म्हणजे त्या शर्टाचीही जाळी ठरलेलीच. आणि मिलची घरघर फिकी पडेल अशा आवाजात म्हणाले,

"हासू नका रे! मले ऐकू येत नाई! दोन्ही कान गेले माझे! हे पोरगी मले यंत्र काय बोलते ते सांगून राह्यली. तिच्याकडं पाहून दात काढू नका, माझ्याकडं पाहून काढा!"

पुतण्या बुटांकडे बघायला लागला. यादगिरीनं कॅबिनमधून वाकून, दातांवर बोट ठेवून विचारलं, "मंग मिस्त्री... ते दातानं ऐकायचं?"

काकांनी खांदे उडवले. "कान असते तं दात कशाले लावले असते बे?"

तेव्हा सगळ्यांच्या नजरा हळूहळू श्रीनूकडे वळल्या. तो लोडरला टेकून उभा होता. डोळे मिटलेले, दातांत स्क्रूड्रायव्हर. आपल्याकडे सगळे बघतायत हे जाणवून त्यानं एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि फार सावकाश, जणू कुणाला दिसणार नाही अशा बेतानं, तो स्क्रूड्रायव्हर तोंडातून काढून मागच्या खिशात ठेवला.

जो हशा झाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. यादगिरी स्टेअरिंगवर डोकं ठेवून हसत होता. एक म्हातारा शेतकरी कापसाच्या ढिगावर बसलाच. श्रीनू आधी लाल झाला, मग टवका उडालेला दात दाखवत तोही हसला. "मिस्त्रीगारू, माझा दात!" "घेऊन जा माझा एक, मले कुठं लागते आता," काका ओरडले. कुणाला कळलंही नाही, पण माझा हात केव्हाच खाली आला होता आणि मीही हसत होते, आवाजासकट.

मग काका कामाला लागले. बॅटऱ्या भरलेल्या, तरी यंत्र टकटकतं. म्हणजे पोट भरलेलं आहे, वाट अडली आहे. "आधी जमिनीले इचार," म्हणत ते लोडरखाली शिरले. पाठीवर झोपून, पांढऱ्या शर्टासकट. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक गंजकी लोखंडी पट्टी होती.

ती बघून मिलमधल्या सगळ्यांनी ओळखलं. कापसाच्या गाठी आवळायची पट्टी. वीज परत यायला इंजिनापासून सांगाड्याला तांब्याच्या विणीचा जाड पट्टा असतो, तो कधीतरी तुटला होता. आणि मिलमध्ये काहीही तुटलं की जे करतात तेच कुणीतरी केलं होतं. तिथं दार गाठीच्या पट्टीनं बांधतात, खाटही तिनंच, कुंपणही तिनंच. लोडरही तिनंच बांधला. दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता, म्हणून कुणाला शंका आली नाही.

"लाइटीले पायवाट पुरते," काकांनी पट्टी हलवत सगळ्यांना सांगितलं. "सेल्फले हमरस्ता लागते. तुमी हत्तीले शिडीवरून उतरवून राह्यले!"

श्रीनूनं माझ्या हातातून केबल घेतली आणि दोघांनी मिळून ती बसवली. यादगिरीनं चावी फिरवली. लोडर खाकरला, काळा धूर सोडला आणि धडधडायला लागला.

जमीन हलत होती. काकांना कळलंच असणार. तरी त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हात वर करून गोल फिरवला, ठरल्याप्रमाणं. मग श्रीनूनं फिरवला. मग यादगिरीनं कॅबिनमधून, मग गेटवरच्या शेतकऱ्यांनी, सगळ्यांनीच. कुणी टोपीसकट, कुणी रुमालासकट. आणि त्या फिरणाऱ्या हातांच्या मधे, पाठीवर ग्रीसचा मोठा डाग घेऊन, मारोतराव मिस्त्री उभे होते आणि शर्टाच्या बाह्या परत परत दुमडत होते.

शेडला कुलूप लागलं ते आठ दिवसांसाठी. बातमी हैदराबादला पोचलीच. मुलगी आली आणि त्यांना घेऊन गेली. कानाच्या डॉक्टरांनी छोटं यंत्र दिलं. आठव्या दिवशी काका परत. "लिफ्ट चांगली चालते, मले तिथं काम नाई," एवढंच कारण. मुलगी फोनवर रागावली, मग हसली, मग म्हणाली, निदान यंत्र तरी घालत जा.

ते घालतात. पण त्या यंत्रातली बटणाएवढी बॅटरी हा त्यांना स्वतःचा अपमान वाटतो. डोझर उठवणाऱ्या माणसाचं नशीब एका गोळीवर! ती संपली की ते यंत्र तळहातावर घेऊन म्हणतात, "अन् हिले पानी कुठून टाकावं?" काकूंची तक्रार अशी की घरी आल्यावरच ती बरोबर संपते. शेडमध्ये मात्र ते यंत्र खिशातच असतं. हॉर्न फार मोठे वाटतात म्हणे. आणि तिथं त्याची गरजही राहिली नाही. आता इचोड्यात कुणीही ऑपरेटर चावी फिरवली की न सांगता मूठ दाखवतो, बोट दाखवतो, पाच बोटं उघडझाप करतो. नवीन आलेल्या ड्रायव्हरांना वाटतं ही इथली रीतच असेल.

मला पुढं हैदराबादला नोकरी लागली. दिवसभर फोनवर लोकांशी बोलायची नोकरी, माझ्यासारखीला. पहिला महिना फार अवघड गेला. मध्यंतरी सुट्टी संपवून परत निघाले, बसमध्ये चढले, तरी बस इचोड्याच्या थांब्यावर उभीच होती. आदल्या दिवशी भेट झाली नव्हती. खिडकीतून शेड दिसत होती. समोर एक पिवळी पडलेली क्रेन, कॅबिनमध्ये कुणी अनोळखी ऑपरेटर, आणि बॅटरीच्या पेटीत वाकलेली पांढरी पाठ. ऑपरेटरनं चावी फिरवून एक बोट वर केलं. काकांनी मान हलवली आणि सेल्फकडे वळले. वळताना त्यांचं बसकडे लक्ष गेलं.

हाक मारून उपयोग नव्हता आणि त्यांनीही, कधी नव्हे ते, मारली नाही. हातातला पाना माझ्याकडे रोखून त्यांनी हनुवटी वर उडवली. त्यांनी काय विचारलं ते मला कळलं.

बस भरलेली होती. शेजारची बाई माझ्याकडे बघत होती. मी हात खिडकीतून कोपरापर्यंत बाहेर काढला आणि हवेत गोल फिरवला, बस सुटेपर्यंत.